ममत्वाचा हिशेब : जॉन ल कारे यांच्या कादंबऱ्या आणि वाचकाची निष्ठा

१

लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या साहित्याचे काय होते, या प्रश्नाची दोन उत्तरे समीक्षेच्या परिचयाची आहेत. एक तर ते साहित्य अभिजात ठरून अभ्यासक्रमात स्थिरावते, किंवा ज्या काळाने ते घडवले त्या काळाबरोबरच ते मागे पडते. परंतु या दोहोंखेरीज तिसरीही एक अवस्था संभवते आणि तिच्याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. या अवस्थेत वाचक त्या लेखकाची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचत राहतात, त्यातील पात्रांविषयी एखाद्या दूरच्या आप्ताविषयी बोलावे तसे बोलतात, आणि आपण हे का करतो याचे समाधानकारक कारण मात्र त्यांना देता येत नाही. 'आवड' हा शब्द येथे तोकडा पडतो, कारण आवड बदलते. 'आदर' हा शब्दही लागू पडत नाही, कारण आदरात अंतर गृहीत असते. या भावाला 'ममत्व' म्हणणेच योग्य ठरेल. 'मम' म्हणजे 'माझे' असे म्हणण्याची वृत्ती त्या शब्दाच्या मुळातच आहे, आणि प्रस्तुत लेखाचा प्रश्नही तेथूनच सुरू होतो.

जॉन ल कारे (मूळ नाव डेव्हिड कॉर्नवेल) हे १९ ऑक्टोबर १९३१ रोजी जन्मले आणि १२ डिसेंबर २०२० रोजी निवर्तले. १९६१ सालच्या 'कॉल फॉर द डेड'पासून मृत्यूनंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिल्व्हरव्ह्यू'पर्यंत साठ वर्षांचा हा लेखनप्रपंच आहे. त्यांच्याविषयी वाचकांना वाटणारे ममत्व एका कारणाने विशेष विचारार्ह ठरते. हेरकथा हा प्रकार कुतूहलावर उभा असतो. रहस्य उलगडले की कुतूहल संपते, आणि कुतूहल संपले की पुस्तकही संपले, असा या प्रकाराचा अलिखित करार असतो. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) या कादंबरीतील घरभेदी बिल हेडन आहे, हे ठाऊक असलेला वाचक ती कादंबरी चौथ्यांदा वाचायला घेतो तेव्हा तो हा करार मोडीत काढत असतो. त्याला आता रहस्य नको असते. मग त्याला काय हवे असते? आणि जे हवे असते ते हवेसे वाटणे योग्य आहे काय?

दुसरा प्रश्न नैतिक आहे. या लेखाचा खरा विषय तोच आहे.

२

ममत्वावर तीन बाजूंनी आक्षेप घेता येतात. तिन्ही आक्षेप गंभीर आहेत.

पहिला आक्षेप सौंदर्यशास्त्रीय आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील 'निजसुखादिविवशीभाव' हे विघ्न, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, ममत्वाला थेट लागू पडते असे प्रथमदर्शनी वाटते. ज्याला स्मायली 'माझा' वाटतो तो साधारणीकरणाच्या पायरीवर पोचलेलाच नाही. तो आपल्याच भावजीवनात अडकून पडला आहे. रुद्रटाने 'प्रेयान्' हा स्वतंत्र रस मानून स्नेहाला त्याचा स्थायिभाव ठरवले. अभिनवगुप्ताला मात्र स्नेहाचे हे स्वतंत्र रसत्व मान्य नव्हते. कांटचा निरिच्छ आस्वादाचा सिद्धान्तही वेगळ्या मार्गाने जवळपास याच ठिकाणी येतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद व अलौकिकतावाद अशा ज्या दोन ध्रुवांची चर्चा केली आहे, त्यांपैकी अलौकिकतेच्या ध्रुवावरून पाहिले तर ममत्व हा कलानुभवात शिरलेला लौकिकाचा अंश ठरतो.

या आक्षेपाला एक मर्यादा आहे. तो एकाच आस्वादप्रसंगाचा विचार करतो. प्रेक्षक नाट्यगृहात बसतो, रस अनुभवतो, उठून जातो, असे चित्र त्यामागे आहे. ममत्व एका प्रसंगात सामावणारे नसते. ते वाचनांच्या मधल्या काळात वाढते. पुस्तक मिटलेले असतानाही ते चालू असते. अनुभवाच्या क्षणासाठी घडवलेली कसोटी दीर्घ संबंधाला जशीच्या तशी लावता येत नाही. वेन बूथ यांनी 'द कंपनी वी कीप' (१९८८) या ग्रंथात पुस्तकांना मित्रांची उपमा देऊन हा संबंध नीतिविचाराच्या कक्षेत आणला. त्यामागे अ‍ॅरिस्टॉटलची उपयुक्ततेची, सुखाची आणि सद्गुणाची मैत्री ही त्रिविध विभागणी उभी आहे. मात्र ल कारे यांच्या बाबतीत बूथ यांची उपमा अडखळते. जो मित्र भेटीगणिक आपल्याला सांगतो की मैत्री हे माणसाला वाकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे, त्या मित्राशी मैत्री कशी ठेवावी?

दुसरा आक्षेप विचारप्रणालीच्या अंगाने येतो. हे ममत्व म्हणजे अस्तंगत साम्राज्याचा विरह आहे, असे त्याचे म्हणणे. पावसाळी लंडन, जुन्या विद्यापीठांतील ओळखी, अर्धवट उच्चारलेली वाक्ये, पराभव पचवण्याची सभ्य रीत या सर्वांवर वाचक लुब्ध होतो आणि त्या सभ्यतेखालचा हिंसाचार विसरतो. यात तथ्य आहे. परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे मात्र नाही. ज्या वाचकांचे पूर्वज त्या साम्राज्याचे प्रजाजन होते, त्यांनाही या कादंबऱ्यांविषयी ममत्व वाटते. स्मायली आणि त्याचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी कार्ला यांची पहिली भेट पन्नाशीच्या दशकात दिल्लीच्या तुरुंगात होते. त्या प्रसंगातले भारतीय जवळजवळ पार्श्वभूमीलाच आहेत. दिल्ली म्हणजे तेथे फक्त उकाडा, कोठडी आणि एक टेबल. मराठी वाचकाला हे दिसते, थोडे खुपतेही. आणि तरीही स्मायलीने त्या कोठडीत केलेली चूक त्याच्या मनातून जात नाही. त्याला साम्राज्याचा विरह होण्याचे काहीच कारण नाही. म्हणजे ममत्वाचा उगम अन्यत्र शोधला पाहिजे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. ममत्व डोळे झाकते. ज्यावर प्रेम आहे त्याचे दोष आपण पाहत नाही, किंवा पाहिलेच तर त्यांना स्वभाव म्हणून सोडून देतो. या आक्षेपाचे उत्तर सिद्धान्ताने देण्याआधी कादंबऱ्यांकडेच जावे लागते, कारण ल कारे यांच्या लेखनाचा गाभाच या आक्षेपाने व्यापलेला आहे.

३

'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) या कादंबरीची रचना एका वाक्यात सांगता येते : ब्रिटिश हेरखाते एका माणसाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून वापर करते. अ‍ॅलेक लीमस याला वाटते की पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातील मुंटचा काटा काढण्यासाठी आपल्याला पाठवले आहे. प्रत्यक्षात मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असतो, आणि त्याच्यावर योग्य संशय घेणाऱ्या फीडलरचा बळी देऊन त्याला वाचवायचे असते. फीडलर ज्यू आहे, निष्ठावंत साम्यवादी आहे. मुंट पूर्वाश्रमीचा नाझी आहे. या डावात लिझ गोल्ड या ग्रंथालयातील तरुणीला साक्षीदार म्हणून आणले जाते. लीमसवर तिचे प्रेम आहे एवढाच तिचा संबंध. ती खरे बोलते आणि त्या खरेपणानेच फीडलर संपतो. तिच्याकडे सहानुभूतीने विचारपूस करायला आलेला गृहस्थ जॉर्ज स्मायली होता, आणि ती भेटच पुढे पुरावा ठरते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. वाचकांच्या सर्वाधिक ममत्वाचा धनी झालेला हा सौम्य, जाड चष्म्याचा, सतराव्या शतकातील जर्मन साहित्यात रमणारा माणूस लिझच्या मृत्यूपासून अलिप्त नाही.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये हीच कल्पना अधिक सूक्ष्म होते. हेडन हा स्मायलीच्या पत्नीशी, अ‍ॅनशी, संबंध ठेवतो तो कार्लाच्या सूचनेवरून. हेतू असा, की पुढे कधी स्मायलीने हेडनवर संशय घेतलाच तर तो दुखावलेल्या पतीचा मत्सर म्हणून बाजूला सारता यावा. दिल्लीच्या कोठडीत कार्लाला फितवण्याचा प्रयत्न करताना स्मायली नकळत स्वतःच्याच संसाराविषयी बोलून गेला होता. अ‍ॅनने दिलेला, तिच्या प्रेमाचे शब्द कोरलेला लायटर त्याने सिगारेटींबरोबर समोर ठेवला होता. कार्ला सिगारेटींना हात लावत नाही. लायटर मात्र घेऊन जातो. कोणाला कोठे पकडावे हे त्याला त्या दिवशी कळलेले असते.

'स्मायलीज पीपल' (१९७९) मध्ये या डावाची बाजू उलटते. आता स्मायलीला कार्लाचे मर्म सापडते : स्वित्झर्लंडमधील एका शुश्रूषागृहात खोट्या नावाने ठेवलेली त्याची मनोरुग्ण मुलगी. तिच्यावरच्या प्रेमाच्या दोरीने स्मायली कार्लाला बर्लिनच्या पुलावरून पश्चिमेकडे खेचून आणतो. स्मायली जिंकतो, पण कार्लाची पद्धत वापरून जिंकतो. ज्या क्षणी कार्ला माणूस असल्याचे सिद्ध होते, त्याच क्षणी स्मायलीच्या माणूसपणाविषयी शंका निर्माण होते.

तेव्हा या कादंबऱ्यांत प्रेम, स्नेह, निष्ठा या भावांना दुहेरी स्थान आहे. माणसाचे माणूसपण टिकवणारी तीच एक गोष्ट आहे, आणि माणसाला पकडण्याची मूठही तीच आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. त्यांचा समन्वय लेखकाने कोठेही केलेला नाही. लीमस भिंतीवरून पलीकडे उडी मारून वाचू शकत असताना मृत लिझच्या बाजूला खाली उतरतो, तेव्हा त्याने प्रेमाला वापराच्या कक्षेतून सोडवले असे म्हणता येते. पण त्यासाठी त्याला मरावे लागते.

४

आता वाचकाकडे वळू. लेखकही वाचकाच्या भावना हाताळतोच. पात्र प्रिय करून सोडावे, मग त्याच्यावर संकट आणावे, ही कादंबरीकाराची नित्याची रीत आहे. ल कारे यांनी स्वतः १९५८ पासून काही वर्षे प्रथम ब्रिटनच्या अंतर्गत व नंतर परराष्ट्रीय हेरखात्यात नोकरी केली होती. माणसे हाताळण्याची विद्या त्यांना पुस्तकी नव्हती. मग वाचकाचे ममत्व हे हेराने आपल्या चालकावर ठेवलेल्या विश्वासासारखेच आहे काय? आपणही लिझसारखे खरेखुरे प्रेम करून दुसऱ्याच्या डावात उपयोगी पडत आहोत काय?

येथे एक भेद करावा लागेल. चालक वापर लपवतो. त्याचे यश वापर कधीच उघडा न पडण्यात असते. कादंबरीकारही वाचकाला फसवतो, परंतु फसवणुकीचा हिशेब त्याला ग्रंथाच्या आतच द्यावा लागतो. लीमसबरोबर वाचकही फसतो. लीमसला ज्या क्षणी उमगते त्याच सुमारास वाचकालाही उमगते. आणि नंतर मागची पाने चाळून प्रत्येक दुवा तपासण्याची मुभा त्याला असते. पुनर्वाचन हे हिशेबतपासणीचे काम आहे. ज्याला सर्व कळून चुकले आहे आणि तरीही जो परततो, त्याचे ममत्व अजाण म्हणता येत नाही. कुतूहल संपल्यावरच ज्याचा आरंभ होतो असा हा संबंध आहे, आणि म्हणूनच तो पहिल्या वाचनाच्या उत्कंठेपेक्षा नैतिकदृष्ट्या वरच्या पायरीचा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु या युक्तिवादात एक फट आहे, आणि ती ल कारे यांनी स्वतःच दाखवून ठेवली आहे. सर्व कळल्यानंतरही प्रेम टिकते, एवढ्याने ते प्रेम निर्दोष ठरत नाही. त्यांचे वडील रॉनी कॉर्नवेल हे फसवणुकीबद्दल तुरुंगात गेलेले, माणसांना मोहून टाकणारे ठकसेन होते. 'अ परफेक्ट स्पाय' (१९८६) मधील रिक पिम त्यांच्यावरून घडला आहे. रिकभोवती असे अनेक लोक आहेत की ज्यांना तो कोण आहे हे पुरते ठाऊक आहे, आणि तरीही ते त्याच्या मागे जातात. त्यांचे ममत्व जाणते आहे. पण ते जाणतेपण कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याच कादंबरीत पेगी वेंटवर्थ ही विधवा आहे. रिकच्या व्यवहारात तिचे सर्वस्व गेले आहे. रिक निवडणुकीला उभा असताना ती जाब विचारण्यासाठी येते. रिकच्या मोहकतेचे वर्णन वाचताना जो वाचक सुखावतो, त्याला पेगीच्या प्रवेशाने अवघडल्यासारखे होते. ती मैफलीचा रंग बिघडवते. असे वाटले की आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत ते आपल्याला कळते.

याच संदर्भात १९६८ मधील एक साहित्यिक मतभेद आठवतो. किम फिल्बी हा ब्रिटिश हेरखात्यातील सोव्हिएत हस्तक १९६३ च्या जानेवारीत बैरुतहून निसटून मॉस्कोला गेला. १९६८ मध्ये त्याच्या आत्मकथनाला ग्रॅहम ग्रीन यांनी प्रस्तावना लिहिली. ते फिल्बीच्या हाताखाली काम केलेले, त्याचे स्नेही होते. त्याच वर्षी फिल्बीवरील एका शोधग्रंथाला ल कारे यांनी प्रस्तावना लिहिली आणि ती अत्यंत कठोर होती. देश आणि मित्र यांतून निवड करायची वेळ आली तर मित्राला जपण्याचे धैर्य असावे, हा इ. एम. फॉर्स्टर यांचा १९३८ मधील विचार ग्रीन यांच्या बाजूने बोलतो. ल कारे यांचा रोख वेगळा होता. फिल्बीने देशाला फसवले त्याहून, ज्या वर्गाने त्याच्यावर 'आपला' म्हणून प्रेम केले त्या वर्गाच्या आंधळेपणाकडे त्यांचे लक्ष होते. 'आपला' म्हटल्यावर तपास थांबतो. हेडन याच निरीक्षणातून जन्मला, आणि वाचकाने जपून ठेवावा असा इशाराही तोच आहे. लेखकाला 'आपला' म्हटले की समीक्षाही थांबू शकते.

५

'टिंकर टेलर'मध्ये ममत्व बाळगणाऱ्याचे एक चित्र आहे. हेडनच्या विश्वासघाताने पाठीत गोळी घेऊन परतलेला जिम प्रिडो एका लहान मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून येतो. बिल रोच नावाचा स्थूल, दम्याचा, एकाकी मुलगा त्याच्यावर जीव टाकतो. रोच चांगला निरीक्षक आहे; जिम स्वतः त्याला तसे म्हणतो. तो पाहतो, काळजी करतो, आणि एका रात्री त्याला जिमजवळ पिस्तूल दिसते. कादंबरीच्या शेवटी हेडन मेलेला आहे. त्याची मान कोणी मोडली हे लेखक स्पष्ट सांगत नाही, पण वाचकाला ते कळते. जिम शाळेत परततो आणि रोच त्याची शुश्रूषा करतो. दरम्यान त्याने स्वतःची समजूत घातलेली असते की ते पिस्तूल हे स्वप्नच होते.

ल कारे यांच्या वाचकाचे याहून नेमके चित्र मला आढळलेले नाही. रोचचे प्रेम खरे आहे, निरपेक्ष आहे, आणि जिमला जगवण्याइतके समर्थही आहे. त्या प्रेमाची किंमत म्हणजे एक पाहिलेली गोष्ट न पाहिलेली करणे. कादंबरी रोचला दोष देत नाही. तो मूल आहे. पण आपण मूल नाही. आपल्याला पिस्तूल दिसलेले आहे.

हा विचार लेखकाच्या मनात होता याचा पुरावा त्रेचाळीस वर्षांनी आलेल्या 'अ लेगसी ऑफ स्पाइज' (२०१७) या कादंबरीत मिळतो. हे पुस्तक बहुसंख्य वाचकांनी ममत्वापोटीच उघडले असणार. स्मायली पुन्हा भेटणार, ही त्याची सर्वांत मोठी ओढ होती. पुस्तकात मात्र स्मायलीचा जुना सहकारी पीटर ग्विलम याला ब्रिटनीमधील शेतावरून लंडनला बोलावून घेतात, आणि ज्या मोहिमेत लीमस व लिझ मारले गेले तिच्याबद्दल त्याची चौकशी सुरू होते. लीमसचा मुलगा ख्रिस्टोफ आणि लिझची मुलगी कॅरन दाद मागायला उभे राहिले आहेत. पहिल्या कादंबरीत ज्यांना जागाच नव्हती अशी ही मुले आहेत. १९६३ च्या वाचकाला लिझच्या मृत्यूने हळहळ वाटली. ती हळहळ म्हणजे पुस्तकाच्या परिणामाचा भाग होती. चोपन्न वर्षांनी लेखक म्हणतो की त्या परिणामाची किंमत देणारे कोणी असू शकले असते. वाचक जुन्या मित्रांना भेटायला येतो आणि आरोपींच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसतो.

हे पुस्तक निर्दोष नाही. चौकशी करणारी नव्या पिढीची माणसे बरीच उथळ रेखाटली आहेत, आणि त्यामुळे वाचकाची सहानुभूती पुन्हा ग्विलमकडेच झुकते. अखेरीस ग्विलमला फ्रायबुर्गमध्ये सापडलेला वृद्ध स्मायली जे उत्तर देतो, ते देशापेक्षा युरोपाच्या नावाने दिलेले आहे. ते उदात्त आहे. कॅरनला ते पुरेसे वाटले असते असे मला वाटत नाही. तरीही लेखकाने वाचकाच्या ममत्वालाच साक्षीला बोलावले, ही गोष्ट उरते. लोकप्रिय लेखक सहसा हे करत नाहीत. वाचकाची प्रीती हे त्यांचे भांडवल असते, आणि भांडवलाची चौकशी कोणी मागत नाही.

६

मृत्यूनंतर आणखी एक हिशेब पुढे आला. अ‍ॅडम सिस्मन यांनी २०१५ मध्ये ल कारे यांचे चरित्र लिहिले होते. त्यात वगळलेला भाग त्यांनी २०२३ मध्ये 'द सीक्रेट लाइफ ऑफ जॉन ल कारे' या पुस्तकात प्रसिद्ध केला. विवाहित ल कारे यांचे अनेक स्त्रियांशी संबंध होते आणि ते लपवण्यासाठी त्यांनी हेरगिरीतल्याच क्लृप्त्या योजल्या होत्या, हे त्यातून उघड झाले. यावर दोन प्रतिक्रिया सहज संभवतात. एक म्हणते की साहित्यकृती स्वायत्त असते, चरित्राचा तिच्याशी संबंध नाही. दुसरी म्हणते की आता ही पुस्तके पूर्वीसारखी वाचता येणार नाहीत. पहिलीत सोय आहे, दुसरीत शिक्षा आहे. दोन्हींनी वाचनाचे काम टळते.

ते काम असे आहे. स्मायलीच्या कादंबऱ्यांत प्रतारणा करणारी व्यक्ती पत्नी आहे. अ‍ॅन बहुतेक वेळ अनुपस्थित असते; ती आपल्याला पतीच्या वेदनेतून दिसते. वाचकाचे स्मायलीवरील ममत्व या वेदनेवर पोसले गेले आहे. लेखकाच्या आयुष्यात ही रचना उलटी होती, हे कळल्यावर अ‍ॅनच्या अनुपस्थितीकडे नव्याने पाहावे लागते. तिला स्वतःची बाजू इतकी थोडी का मिळाली? हा प्रश्न चरित्राने सुचवला असला तरी त्याचे उत्तर संहितेतच शोधायचे आहे, आणि तो चरित्राविनाही विचारता आला असता. आपण तो विचारला नाही, कारण स्मायली आपला होता. आपणही रोचसारखे एक पिस्तूल स्वप्नात जमा केले होते.

यावरून ममत्व सोडून द्यावे असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्याला ममत्व नाही तो वाचक परतत नाही, आणि जो परतत नाही त्याला अ‍ॅनची अनुपस्थिती दिसण्याचा संभवच नाही. निजसुखाने विवश होणे आणि दीर्घ सहवासाने जबाबदार होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. अभिनवगुप्ताच्या विघ्नांच्या यादीत पहिली आहे. दुसरीचा विचार त्या चौकटीला करावा लागला नव्हता. ममत्वाची नैतिक कसोटी म्हणून एवढे सुचवता येईल : ज्या ममत्वामुळे लिझ, फीडलर, पेगी आणि अ‍ॅन अधिक स्पष्ट दिसू लागतात ते टिकवण्यायोग्य, ज्यामुळे ती अंधुक होतात ते रिकच्या दरबारातले. या कसोटीला कोणी एकदा उतरून मोकळा होत नाही. प्रत्येक वाचनात ती पुन्हा लागू होते, आणि एकाच वाचकाच्या मनात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

'स्मायलीज पीपल'च्या अखेरीस कार्ला पूल ओलांडून येतो तेव्हा त्याच्या हातून दिल्लीत घेतलेला तो लायटर खाली पडतो. वीस वर्षांहून अधिक काळ तो शत्रूच्या खिशात होता. स्मायली तो पाहतो आणि उचलत नाही. या नकाराचा अर्थ वाचक अनेक प्रकारे लावत आले आहेत : विजयाचा वीट, अ‍ॅनवरच्या प्रेमाचा शेवट, प्रतिस्पर्ध्याविषयीचा संकोच. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. ज्या वस्तूवर आपले प्रेम कोरलेले होते तीच आपल्याविरुद्ध वापरली गेली, आणि आपण तसाच वापर दुसऱ्याच्या प्रेमाचा केला, हे जाणणाऱ्याला ती वस्तू 'माझी' म्हणून उचलता येत नाही. ती तेथे आहे हे त्याला दिसते. तो मान वळवत नाही आणि ती खिशातही घालत नाही.

या कादंबऱ्या पुन्हा उघडताना आपण 'माझे' म्हणतो तेव्हा त्या शब्दावर कोणाचा हक्क किती, याचा हिशेब चुकता झालेला नसतो. तो चुकता झाला नाही हे लक्षात ठेवून वाचत राहणे, एवढी निष्ठा या लेखकाने आपल्या वाचकाकडून मागितली असे म्हणता येईल. ती फार मोठी नाही. पण ज्या जगाचे त्याने चित्रण केले त्या जगात एवढीही निष्ठा कोणी कोणाला दिलेली फारशी आढळत नाही.